लाटेला किती वेळ द्यायचा
प्रस्तावना

१८५७ साली गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानं भूमध्य समुद्राकाठच्या सेत गावी फुटती लाट जागच्या जागी थांबवली. आज हे वाचून कुणाला विशेष वाटणार नाही. त्या काळी मात्र काचेवर कलोडियनचा ओला थर चढवायचा, तो वाळायच्या आत छायाचित्र घ्यायचं आणि लगेच अंधारात नेऊन ती काच धुवायची, असा सगळा खटाटोप होता. रस्त्यावरून चालणारी माणसंसुद्धा पुष्कळदा पुसट उमटत. तिथं लाट फेसासकट कागदावर येणं हे नवल होतं. दुसरी अडचण आकाशाची. तो थर निळ्या उजेडाला फाजील हळवा असल्यामुळे पाणी नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरंफटक व्हायचं. ल ग्रेनं त्यावर तोड काढली. काही चित्रांसाठी त्यानं पाण्याची काच वेगळी घेतली, ढगांची वेगळी घेतली आणि क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवून कागदावर एकच चित्र छापलं. पॉल देलारोश या चित्रकाराच्या हाताखाली तो शिकलेला होता. आकाश आणि पाणी एकाच बैठकीत रंगवायचं नसतं, हे त्याला कॅमेरा हाती येण्याआधीपासून ठाऊक असणार. त्याच्या समुद्रचित्रांचा पॅरिस-लंडनमध्ये बोलबाला झाला. समुद्राच्या छायाचित्रणात चित्रकाराचा हात असा पहिल्या पिढीपासूनच आहे. ‘चित्रासारखं दिसणारं छायाचित्र’ ही संगणकानं आणलेली टूम आहे असं समजणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

आता कुणाच्याही खिशातला फोन सेकंदाच्या हजाराव्या भागात लाट गोठवतो. थांबलेली लाट इतक्यांदा पाहून झाली आहे की तिच्यापाशी डोळा थबकत नाही. म्हणून या पुस्तकातली छायाचित्रं उलट्या वाटेनं निघाली आहेत. इथं लाटेला वेळ दिलेला आहे, कधी अर्धा सेकंद, कधी चार, क्वचित अर्धा मिनिट. तो किती द्यायचा, या एका प्रश्नाभोवती हे सगळं पुस्तक फिरतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. छायाचित्रातली शांतता ही लाटेला योग्य तेवढा वेळ दिल्यानं येते. त्याहून जास्त वेळ दिला की समुद्रच निघून जातो आणि मागे एक गुळगुळीत पांढरा पट्टा राहतो.

हे नीट समजून घ्यायचं तर किनाऱ्यावर उभं राहून लाटा मोजाव्यात. एका लाटेपासून दुसरीपर्यंत बहुधा सहा ते बारा सेकंद जातात. शटर याहून बरंच कमी उघडं राहिलं तर एकाच लाटेची चाल कागदावर येते. ते एवढा वेळ किंवा थोडं जास्त उघडं राहिलं तर दोन लाटा एकमेकींत मिसळतात. आणि अर्धा मिनिट, एक मिनिट उघडं ठेवलं तर येणं-जाणं, चढणं-उतरणं सगळं एकमेकांवर पडून सरासरी निघते. सरासरीला आकार नसतो. म्हणून तिथं पाण्याऐवजी धुकं दिसतं.

माझा जीव सर्वांत जास्त कशात गुंतला असेल तर तो परतणाऱ्या पाण्यात. लाट पुळणीवर चढून येते, तिचा जोर सरतो, क्षणभर ती तशीच पसरून राहते आणि मग सबंध थर एकदम मागे सरकू लागतो. त्या वेळी वर तरंगणारी फेसाची जाळी ताणली जाते. आधी तिची भोकं गोल असतात, मग लांबट होतात, मग जाळी तुटून नुसते धागे उरतात. शटर नेमकं इथं उघडायचं. पाव सेकंदात धागे तुटक येतात. अर्ध्या सेकंदात प्रत्येक बुडबुडा आपापली रेघ ओढतो आणि सगळ्या रेघा समुद्राच्या दिशेनं उतरत जातात. वाटेत एखादा शिंपला किंवा खडा रुतलेला असला तर पाणी त्याला वळसा घालतं आणि त्याच्या खालच्या अंगाला दोन रेघांचा कोन उघडतो. एका सेकंदानं रेघा जाड होऊन त्यांचे पट्टे होतात. दोन-तीन सेकंदांत पुढची लाट आत घुसते आणि आधीचं लिहिलेलं पुसून टाकते. लाट येताना शटर दाबू नये, ती वळताना दाबावं, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल. येणाऱ्या लाटेत धडक असते, परतणाऱ्या पाण्यात ओढ असते आणि डोळा ओढीबरोबर आत जातो. चित्र शांत वाटतं ते या आत जाण्यामुळे.

उजेड अडवणारा दहा स्टॉपचा काळा फिल्टर सहज मिळू लागल्यापासून दुधाळ समुद्रांचा सुळसुळाट झाला आहे. खडक काळा, पाणी पांढरं, आकाश करडं. कुठलाही किनारा घ्या, चित्र तेच. या शैलीचे आद्य म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांची मूळ चित्रं मात्र निराळंच सांगतात. इंग्लंडात १९५३ साली जन्मलेला मायकेल केन्ना रात्री तासन्‌तास शटर उघडं ठेवतो हे खरं आहे. पण त्याच्या होक्काइडोच्या चित्रांत बर्फात किंवा पाण्यात कुंपणाच्या खांबांची रांग, एखादा ओंडका, एखादं झाड असं काहीतरी ठाम उभं असतं. त्या खांबामुळे भोवतालच्या धुक्याला वजन येतं. शिवाय तो आपली चित्रं लहान छापतो, वीतभर चौरसाच्या आसपास, म्हणजे पाहणाऱ्याला जवळ यावंच लागतं. हिरोशी सुगिमोतोची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९८० साली त्यानं जमैकाच्या किनाऱ्यावरून समुद्राची मालिका सुरू केली आणि पुढं जगभरच्या समुद्रांवर तो तीच चौकट घेऊन गेला. क्षितिज बरोबर मध्यभागी, वर हवा, खाली पाणी, कृष्णधवल, बस्स. न बोट, न पक्षी, न किनारा. आदिमानवानं जो समुद्र पाहिला तोच आजच्या माणसाला पाहता येईल का, हा त्याचा प्रश्न. त्याचं अनुकरण करणारे पाणी पुसून टाकतात, पण त्याच्या दिवसाच्या बहुतेक चित्रांत जवळ जाऊन पाहिलं तर हरेक तरंग जागच्या जागी दिसतो. शांतता येते ती चौकटीतून आणि काय वगळलं त्यातून. पाणी आपलं काम करतच असतं.

चित्रमयतेबद्दलही असाच एक गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिक्टोरिअलिस्ट म्हणवणारे छायाचित्रकार कागदावर डिंक आणि रंग चढवून, ब्रशानं घासून आपली छायाचित्रं चित्रांच्या जवळ नेत. त्यांतली काही फार सुंदर आहेत. पुढं १९३२ साली कॅलिफोर्नियात एफ/६४ गटानं त्याविरुद्ध झेंडा उभारला आणि लख्ख, धारदार, नखशिखांत स्पष्ट छायाचित्राचा आग्रह धरला. मला या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही. पण आज संगणकावर एक कळ दाबून छायाचित्राला तैलरंगाचे फटकारे चढवण्याचा जो प्रकार चालतो, तो मला पटत नाही. ते फटकारे कुणी मारलेले नसतात. पाणी, उजेड आणि वेळ यांनी मिळून एखादा पट्टा ओढला असेल तर तो खरा फटकारा. या पुस्तकातल्या चित्रांत उजेड-अंधाराचा तोल संगणकावर सावरलेला आहे, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके काढलेले आहेत. रंग नव्यानं भरलेला नाही आणि नको असलेली होडी खोडलेली नाही.

चित्रकलेकडून घ्यायचं ते याच्या पलीकडचं आहे. वासुदेव गायतोंडे यांची चित्रं पाहताना मला ते फार जाणवतं. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या, मूळच्या गोमंतकीय घरातल्या या चित्रकारानं १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली आणि पुढं काही काळ मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये, समुद्रालगतच, काम केलं. रोलर आणि पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे, खरवडायचे, थांबायचं, पुन्हा चढवायचे. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास पुरे व्हायचे. त्यांच्या चित्रांत आडवे पट्टे आहेत, पुसट क्षितिजांसारखं काही आहे, पण ती समुद्राची चित्रं आहेत असं म्हणणं चूक ठरेल. कुठल्याही वस्तूचं चित्रण आपण करत नाही अशीच त्यांची भूमिका होती. तरी समुद्राचं छायाचित्र घेणाऱ्यानं गायतोंडे पाहावेतच. एकाच रंगात किती थर असू शकतात आणि एका पट्ट्यातून दुसरा पट्टा कुठं सुरू होतो हे न कळू देताही डोळा कसा धरून ठेवता येतो, हे तिथं शिकायला मिळतं. कॅमेरा क्षितिजाला समांतर हलवत पाव ते एका सेकंदाचं छायाचित्र घेण्याची पद्धत आहे. तपशील विरघळतो आणि आकाश, पाणी, वाळू यांचे नुसते आडवे पट्टे राहतात. पद्धत सोपी, म्हणून तिचा उथळ वापरही फार होतो. ज्यानं गायतोंडे पाहिले आहेत त्याला पट्ट्यांच्या जाडीतला फरक दिसू लागतो आणि मग तो कॅमेरा हलवण्याआधी कुठला उजेड घ्यायचा हे ठरवतो.

उजेडापाशी आलो की आपल्या किनाऱ्याबद्दल बोलायलाच हवं. हे पुस्तक मराठीत लिहायचं कारणही तेच. या विषयावरची बहुतेक पुस्तकं उत्तरेकडच्या थंड समुद्रांची आहेत. तिथला संधिप्रकाश लांबतो, आपला झपाट्यानं मावळतो. तिथली सूत्रं जशीच्या तशी अलिबागला किंवा वेंगुर्ल्याला लागू पडत नाहीत. आपल्याला आपलं पंचांग उघडावं लागतं, आणि हे मी शब्दशः म्हणतो आहे.

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. मुंबईकडे ती थोडी उशिरा, मालवण-वेंगुर्ल्याकडे थोडी आधी, पण ठोकळमानानं हिशेब चुकत नाही. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा जास्तच उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही सरकते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. छायाचित्रकाराच्या दृष्टीनं याचा अर्थ फार मोठा आहे. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यांच्या पाठच्या प्रतिपदेला संध्याकाळच्या उजेडात पूर्ण ओहोटी असते, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी दूरवर गेलेलं. याच दिवसांत अलिबागला लोक कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात. दापोलीजवळच्या कर्द्यासारख्या सपाट पुळणीवर अशा संध्याकाळी ओल्या वाळूचा मैलभर आरसा तयार होतो आणि आकाश पायाशी येतं. अष्टमीला नेमकं उलट. सूर्य मावळताना भरती, पण भांगाची, जोर नसलेली. पाणी वर आलेलं असतं, लाट लहान असते आणि अर्ध्या सेकंदाच्या त्या रेघा काढायला याहून चांगली वेळ नाही. हा सगळा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेला असतो. कोळी आणि दालदी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत.

दुसरी गोष्ट पहाटेची. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणून सगळे मावळतीला जमतात आणि सकाळी झोपून राहतात. मला स्वतःला पहाट अधिक प्रिय आहे. सूर्य सह्याद्रीच्या मागून वर येत असतो, त्यामुळे डोळ्यांवर येणारी तिरीप नसते. उगवतीच्या थोडं आधी पश्चिमेला पाण्यालगत एक निळसर करडा पट्टा दिसतो. ती पृथ्वीचीच सावली, समोरच्या हवेवर पडलेली. तिच्यावर फिक्या गुलाबीचा दुसरा पट्टा असतो. सूर्य जसा वर येतो तशी सावली पाण्यात उतरत जाते आणि गुलाबी खाली सरकतो. पाच-दहा मिनिटांचा खेळ. त्यातच पहाटे मतलई वारा वाहत असतो, जमिनीकडून समुद्राकडे, आणि तो किनाऱ्याजवळची लाट गुळगुळीत करून ठेवतो. नऊ-दहा वाजता वारा फिरतो, खारा वारा सुरू होतो आणि पाणी खडबडीत होतं. ज्या रंगांसाठी लोक संगणकावर तासन्‌तास घालवतात ते रंग त्या पहाटे फुकट मिळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये हवेत धुरकटपणा असतो आणि क्षितिज दिसेनासं होतं. पर्यटक हिरमुसतात, मी बॅग भरतो. क्षितिजाची रेघ गेली की होडी पाण्यात आहे की हवेत हे कळत नाही, आणि चित्र आपोआप चित्रकलेच्या जवळ सरकतं. पावसाळ्यातला रंग वेगळाच. खाड्यांच्या मुखाशी जांभ्याची माती वाहून येते आणि किनाऱ्यालगतचं पाणी तांबूस गढूळ होतं, त्यापलीकडे शिशासारखं हिरवट करडं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्यानं समुद्र रिकामा असतो. आरे-वारेच्या घाटावरून खाली पाहिलं तर लाटांच्या पांढऱ्या ओळी एकामागून एक किनाऱ्याकडे येताना दिसतात. पण त्या दिवसांत खाली खडकांवर कुणी उतरू नये. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी चिंचोळ्या कातळफटीतून कसं उसळतं हे ज्यानं पाहिलं आहे त्याला जास्त सांगायला नको. समुद्राकडे पाठ करून ट्रायपॉड लावायचा नाही, हा नियम बाराही महिन्यांचा.

इथं एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात धडकलं आणि दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर उत्पन्न हाती यायला वर्षं जातात, म्हणजे एका दुपारी अनेक घरांची पुढची कित्येक वर्षं गेली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि मुंबईबाहेरच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज बुडून साठाहून अधिक माणसं गेली. ज्या समुद्रानं हे केलं त्याची शांत, सुंदर चित्रं काढणं हा खोटेपणा नाही का, असं किनाऱ्यावरची माणसं विचारतात आणि त्यांना तो हक्क आहे. माझ्यापुरतं उत्तर असं की म्हणूनच मला पाणी पुसलेलं चालत नाही. चित्रात लाटेचा जोर दिसलाच पाहिजे. तो ज्या रेघेत उतरला त्या रेघेला वजन असलंच पाहिजे. खोल पाण्याचा काळेपणा करड्यात विरून जाता कामा नये. रापणीचं जाळं ओढणाऱ्याला चित्र दाखवावं आणि त्यानं वारा कुठला आहे हे ओळखावं, इतपत समुद्र त्यात शिल्लक असावा. धूपप्रतिबंधक बंधारे आणि वाळूत अडकलेलं प्लॅस्टिक या चित्रांत नाही, ते मी चौकटीबाहेर ठेवलं आहे. तो विषय मोठा आहे, त्याला वेगळं पुस्तक लागेल आणि ते दुसऱ्या पद्धतीनं काढावं लागेल.

साहित्याबद्दल शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे, इथं थोडक्यात. ट्रायपॉड हवा, आणि ओल्या वाळूत तो आधी दाबून रुतवायला हवा, कारण परतणारं पाणी पायांखालची वाळू नेतं आणि शटर उघडं असतानाच कॅमेरा खचतो. सहा स्टॉपचा काळा (एनडी) फिल्टर उजेड चौसष्टपट कमी करतो, दहा स्टॉपचा हजारपट. सेकंदाच्या साठाव्या भागाचं एक्सपोजर पहिल्यानं एक सेकंदाचं होतं, दुसऱ्यानं सतरा सेकंदांचं. एकच घ्यायचा असेल तर सहाचा घ्यावा. का, ते वर सांगितलंच आहे. घरी आल्यावर ट्रायपॉडचे सांधे गोड्या पाण्यानं धुवावेत, नाहीतर खारं पाणी ते खाऊन टाकतं. आजच्या बऱ्याच फोनमध्ये अनेक चौकटी एकमेकींवर बसवून लांब एक्सपोजरचा परिणाम साधता येतो. त्यातून निघते तीही सरासरीच, त्यामुळे तिथंही कमी सेकंदांपासूनच सुरुवात करावी.

चित्रं मॅट कागदावर छापली आहेत. चकचकीत कागदावर काळा रंग जास्त खोल दिसतो हे कबूल, पण त्यावर खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि समुद्राऐवजी दिवाच दिसतो. चित्रांचा क्रम गावांप्रमाणे लावलेला नाही, तो अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत तिथीप्रमाणे आहे. प्रत्येक चित्राखाली ठिकाण, तिथी, वेळ आणि शटर किती उघडं होतं ते दिलं आहे. वाचकानं ते आकडे उतरवून घेण्यापेक्षा जवळच्या किनाऱ्यावर त्याच तिथीला जाऊन ताडून पाहावेत. सुरुवात करायची असेल तर येत्या अष्टमीची संध्याकाळ बघा. भरती सहाच्या सुमारास भरेल, त्याच्या आधी तासभर पोहोचा, आणि पहिला पाऊण तास कॅमेरा पिशवीतच राहू द्या.